थ्रॉटल पोझिशन सेन्सर: स्वतः बदलावा का?

सावकाशराव | शनिवार, सकाळी ९:१०

मंडळी, गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा वर्षांची, केबलवाल्या थ्रॉटलची, म्हणजे पेडलची केबल थेट इंजिनाची हवेची झडप उघडते. गेले तीन आठवडे तिला एक खोड लागली आहे. निघताना ॲक्सिलरेटर हलकाच दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी उसळी घेते. पाय जोरात दाबला तर तक्रार नाही, सुसाट जाते. चौथ्या गिअरमध्ये एकाच वेगाने जाताना मात्र बारीक बारीक झटके. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि चार दिवसांनी आपला आपण विझतो.

स्कॅनर लावला तर पी ०१२१ असा कोड आला. मेकॅनिक म्हणाला, थ्रॉटल सेन्सर गेलाय, बदलून टाकू. बॉनेट उघडून पाहिलं तर तो सेन्सर समोरच दिसतोय, दोन स्क्रू आणि वायरी जोडणारा एक कपलर, बस. एवढ्यासाठी गाडी दिवसभर तिकडे ठेवायची का? हवेचा फिल्टर आणि प्लग मी स्वतः बदलतो, इलेक्ट्रिकच्या कामाला हात लावलेला नाही. कुणी केलंय का?

---

सुसाट | शनिवार, सकाळी ९:३२

अर्ध्या तासाचं काम आहे. जुना काढा, नवा लावा, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा की कोड जातो. आरपीएम कमी-जास्त वाटला तर थ्रॉटलच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो, तो अर्धा आटा फिरवायचा. मेकॅनिकही हेच करतात.

---

जुना_फिटर | शनिवार, सकाळी १०:०५

सुसाट, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, बाकीच्यासाठी माझा हात आडवा.

तो बारीक स्क्रू म्हणजे थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली हवेची गोल झडप, पूर्ण मिटताना बोअरच्या (हवेच्या नळीच्या) भिंतीत रुतू नये म्हणून तो असतो, आणि कारखान्यात बसवून बहुतेक वेळा त्यावर रंगाचा ठिपका मारलेला असतो. आयडलचा (पेडलवरून पाय काढल्यावरचा) आरपीएम त्याने लावायचा नसतो, त्या काळच्या गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह आहे आणि तो ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालवतो. लोक तो स्क्रू फिरवतात, आरपीएम तात्पुरता सुधारतो, मग सेन्सरचं शून्य हलतं, मग ईसीयू त्याच्या हिशेबाने आणखी काही करतो. अशा गाड्या माझ्याकडे यायच्या तेव्हा निम्मा वेळ आधीच्या माणसाने काय काय फिरवलं ते शोधण्यात जायचा.

सावकाशराव, काम तुमच्या हातचं आहे. पण सेन्सर घ्यायच्या आधी तो खरंच गेलाय का ते बघा. कोड सर्किटचं नाव सांगतो, सुट्या भागाचं नाही. सेन्सर, तीन वायरी, कपलर, अर्थ, सगळे त्याच सर्किटमध्ये येतात.

---

ओहमशास्त्री | शनिवार, सकाळी ११:२०

जुन्या फिटरांना अनुमोदन. थोडं इस्कटून सांगतो.

तुमच्या गाडीतला सेन्सर म्हणजे रेडिओच्या आवाजाचं जुनं बटण असतं ना, तेच. आत कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावरून घासत फिरणारी पितळी जीभ. ही जीभ थ्रॉटलच्या दांड्याला जोडलेली. पट्ट्याच्या एका टोकाला ईसीयूकडून ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, आणि जिभेवरून परत जाणारा सिग्नल. थ्रॉटल मिटलेला असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडला की साडेचारच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, दुसऱ्या गाडीचा वापरू नका.

आता तुमचं लक्षण बघा. हलक्या पायाला अडखळते, जोरात दाबल्यावर ठीक. आपण आयुष्यभर गाडी चालवतो कुठे? थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो तिथे. म्हणजे जीभ पट्ट्याच्या त्याच बोटभर जागेवर लाखो वेळा मागेपुढे घासते. तिथला कार्बन झिजला की जीभ तिथून जाताना सिग्नल क्षणभर तुटतो. ईसीयूला वाटतं पाय काढला, तो पेट्रोल कापतो. लगेच सिग्नल परत येतो, त्याला वाटतं पाय दाबला, तो जास्तीचं पेट्रोल सोडतो. तुमची "मागून ढकलल्यासारखी" उसळी ती हीच.

तपासणी: चावी ऑन, इंजिन बंद. कपलर लावलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने, वायरीच्या रबराच्या कडेने, टाचणी सरकवून सिग्नलच्या वायरीला टेकवायची. वायरीचं कातडं भोसकू नका, पावसाळ्यात तिथूनच गंज चढतो. मल्टीमीटरचं काळं टोक सेन्सरच्या अर्थ वायरीला. मग थ्रॉटल हाताने अगदी सावकाश, गोगलगाईच्या गतीने उघडायचा. शक्य असेल तर काट्याचा जुना मीटर वापरा. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधली खोट त्याला दिसत नाही. काटा मात्र दचकतो.

---

मागचा_बाक | शनिवार, दुपारी १२:०२

वाचतोय. "काटा दचकतो" आवडलं.

---

सावकाशराव | शनिवार, संध्याकाळी ६:४५

काट्याचा मीटर शेजारच्या काकांकडे निघाला. ते स्वतःच मीटर धरून बसले, मी थ्रॉटल फिरवत होतो.

५ व्होल्टची वायर: ४.९८. मिटलेल्या थ्रॉटलला सिग्नल: ०.५३. पूर्ण उघडा: ४.४. मधे काटा छान चढत होता, पण साधारण ०.९ वर आला की फटकन खाली पडायचा आणि परत जागेवर यायचा. पाच वेळा केलं, पाचही वेळा तिथेच. काका म्हणाले, "झटका तिथेच बसलाय बघ." सेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टिचकावलं तर त्या जागी काटा थरथरत राहतो.

एक शंका. स्कॅनरवर पाय न लावताही थ्रॉटल ११ टक्के दाखवतो. हे बिघाडाचं लक्षण आहे का?

---

ओहमशास्त्री | शनिवार, संध्याकाळी ७:१५

नाही हो. बऱ्याच गाड्यांत तो आकडा ५ व्होल्टच्या मानाने असतो. अर्धा व्होल्ट म्हणजे दहा टक्के. तुमचे ०.५३ म्हणजे १० पूर्णांक काहीतरी, स्कॅनरने ११ केले. शून्य मुद्दामच ठेवत नाहीत: ० व्होल्ट आला तर तो "थ्रॉटल बंद" की "वायर तुटली", हे ईसीयूला कळणार कसं? म्हणून दोन्ही टोकांना मोकळी जागा. सिग्नल फारच खाली गेला तर पी ०१२२, फारच वर गेला तर पी ०१२३. अर्थची वायर तुटली तर सिग्नल ५ कडे धावतो, ५ व्होल्टची तुटली तर शून्याकडे. कोणता कोड येतो त्यावरून कोणत्या वायरीकडे आधी बघायचं ते कळतं.

तुमचा सेन्सर मात्र खरंच गेलाय. बदला.

---

दोन_पेडल | शनिवार, रात्री ८:३०

धागा पळवतोय, माफी असावी. माझी गाडी नवी, ऑटोमॅटिक, केबल नाही. कोड पी २१३५. गाडी मधेच रेस घेईनाशी होते, रांगत रांगत घरी आणावी लागते. मलाही असाच दोन स्क्रूंचा सेन्सर मिळेल का?

---

जुना_फिटर | शनिवार, रात्री ९:१०

बहुधा नाही. तुमच्याकडे पेडलखाली एक सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीत मोटर आणि सेन्सर एकत्र. थ्रॉटलवर एक नाही, दोन ट्रॅक असतात, मुद्दाम. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो. दोघांचं जुळलं नाही की पी २१३५. मग ईसीयू मोटरचा विजेचा पुरवठाच काढून घेतो, स्प्रिंग बटरफ्लायला थोडं उघडं धरून ठेवते, आणि गाडी तेवढ्यावर रांगते. म्हणजे ते रांगणं हा बिघाड नव्हे, ती तुम्हाला रस्त्याच्या कडेला नेण्याची सोय आहे.

थ्रॉटल बॉडी आख्खी घ्यायच्या आधी कपलर काढून पिना बघा, हिरवट काही दिसतंय का. बॅटरी अशक्त असेल तरी असे कोड येतात. आणि हे ठळक लक्षात ठेवा: चावी ऑन असताना त्या बटरफ्लायमध्ये बोट घालायचं नाही. मोटर ती फटकन मिटवते. माझ्या हाताखालच्या पोऱ्याची नखाखालची जागा महिनाभर काळी होती, तरी थोडक्यात निभावलं.

---

सुसाट | शनिवार, रात्री ९:२५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

जुना_फिटर | रविवार, सकाळी ८:००

सावकाशराव, काढण्या-बसवण्याबद्दल चार गोष्टी, मग तुम्ही आणि तुमचं नशीब.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुना सेन्सर हलवायच्या आधी त्याच्या कडेने थ्रॉटल बॉडीवर टोकदार खिळ्याने रेघ मारा, किंवा फोटो काढा, पण रेघच मारा. भोकं लांबट असतील तर सेन्सर फिरवून जुळवता येतो, आणि मग जुनी जागा माहीत असणं सोन्यासारखं. भोकं गोल असतील तर जुळवाजुळव नाही, ईसीयू स्वतःच मिटलेली जागा शिकतो. तुमच्याकडे तीनऐवजी चार वायरी असत्या तर आत आयडलचा वेगळा स्विच असता, मग ते फीलर गेजच्या (फट मोजायच्या) पात्या घालून जुळवण्याचं वेगळं प्रकरण.

स्क्रू हा खरा शत्रू. बारके असतात, अडकवायला लॉकचं औषध लावलेलं असतं आणि सोळा वर्षांची उष्णता खाऊन बसलेले. खाचेत अगदी घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, आधी मुठीवर हातोडीचा एक सरळ ठोका द्या, मग वरून सगळा भार देऊन फिरवा. एकदा घसरला की खाच गेली, आणि मग ड्रिल मशीन, आणि मग संध्याकाळ.

नवा बसवताना तो त्याच्या अंतिम जागेवर सरळ दाबायचा नाही. आत स्प्रिंग असते. थोडा तिरका धरून दांड्याची जीभ खाचेत घ्यायची, मग स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवून भोकं जुळवायची. फिरवताना विरोध जाणवला पाहिजे. नाहीच जाणवला तर जीभ चुकीच्या बाजूला बसलीय. स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातात, बोटांच्या ताकदीने आवळा, खांद्याच्या नाही.

इंजिन चालू करायच्या आधी थ्रॉटल हाताने पूर्ण उघडून सोडा. खाडकन मिटला पाहिजे. अडकला तर चालू करूच नका.

---

सावकाशराव | रविवार, रात्री ८:५०

झालं! म्हणजे जवळजवळ झालं.

कपलर निघेना. खटका दाबून, हलवून, शेवटी स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचकटला, टक् असा आवाज येऊन निघाला. पहिला स्क्रू ठोक्याने सुटला. दुसऱ्याने पाऊण तास घेतला. मुलगी टॉर्च धरून उभी होती, तिने विचारलं, "बाबा, तो स्क्रू आहे की तुम्ही?" जीभ पहिल्यांदा चुकीच्या बाजूला बसली होती, फिरवताना ढिलं लागलं म्हणून फिटरकाकांचं वाक्य आठवलं आणि परत काढलं.

अडखळणं शंभर टक्के गेलं. पाय ठेवला की गाडी लोण्यासारखी निघते. पण आयडल १४०० वर, खाली येतच नाही. आधी ८०० होता. आणि उतारावर पाय काढला तरी इंजिनचा ब्रेक लागल्यासारखा वाटत नाही. तो बारीक स्क्रू मी फिरवलेला नाही, शपथ.

---

ओहमशास्त्री | रविवार, रात्री ९:२०

मिटलेल्या थ्रॉटलला व्होल्टेज किती? भोकं लांबट आहेत का?

---

सावकाशराव | रविवार, रात्री ९:४०

०.७८. लांबट आहेत. रेघ मारली होती पण नव्या सेन्सरची कड वेगळी आहे, रेघेशी जुळत नाही. मॅन्युअलमध्ये ०.४५ ते ०.५५ लिहिलंय. आधी बघायला हवं होतं.

---

ओहमशास्त्री | रविवार, रात्री १०:०५

मग कोडं सुटलं. ईसीयूला "पाय काढलाय" ही बातमी याच सेन्सरकडून मिळते. ती मिळाली की तो आयडलचा ताबा घेतो, आणि उतारावर पाय काढलेला असला की पेट्रोल पूर्ण बंद करतो. तुमचे ०.७८ बघून त्याला वाटतंय की पाय अजून थोडासा पेडलवर आहे. म्हणून आयडल उतरत नाही आणि उतारावरचा तो ओढही लागत नाही. दोन तक्रारी, कारण एकच.

दोन्ही स्क्रू अर्धा आटा ढिले करा, चावी ऑन ठेवून मीटर बघत सेन्सर केसाकेसाने फिरवा, ०.५० वर आला की आवळा. आवळताना आकडा हलतो, म्हणून आवळून परत बघा. मग थ्रॉटल दोन-तीनदा उघडून सोडा आणि पुन्हा बघा.

अवांतर: याच सेन्सरचं एक मजेदार काम आहे. प्लग पेट्रोलने भिजले असतील तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, ईसीयू पेट्रोल बंद ठेवून नुसती हवा ओढू देतो. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ही सोय आहे. उलट सेन्सर बिघडून उगाचच "पूर्ण उघडा" सांगायला लागला तर गाडी सेल्फ घेते पण चालूच होत नाही, आणि माणूस पेट्रोल पंप बदलत बसतो.

---

जुना_फिटर | रविवार, रात्री १०:३०

पंप बदललेला माणूस इथे हजर आहे. गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही. पंपाचे पैसे मात्र मीच भरले.

आणखी अवांतर, म्हातारपणाचं. ही कल्पना जुनी आहे. बॉशने १९६७ साली डी-जेट्रॉनिक इंजेक्शन आणलं, त्यात थ्रॉटलवर असाच एक स्विच होता. आत कंगव्यासारख्या पट्ट्या. थ्रॉटल उघडताना संपर्क त्या दातांवरून टकटक करत जायचा आणि प्रत्येक टकटकीला इंजेक्टर थोडं जास्तीचं पेट्रोल सोडायचे. तिथेही पट्ट्या झिजायच्याच. घासणारी गोष्ट झिजणार. नव्या गाड्यांत म्हणूनच चुंबकावर चालणारे, न घासणारे सेन्सर आले.

---

सावकाशराव | सोमवार, रात्री ९:००

०.५१ वर आवळला. आयडल ८०० ला येऊन बसला, उतारावर पुन्हा ओढ लागते. सगळ्यांचे मनापासून आभार.

जुना सेन्सर उघडून पाहिला. कडेचं प्लास्टिक करवतीने कापावं लागलं. आत काळा चकचकीत पट्टा, आणि सुरुवातीपासून नखभर अंतरावर एक राखाडी, मळकट डाग. भिंग लावलं तर तिथे दोन समांतर चर दिसतात, जिभेच्या दोन दातांचे. बाकीचा पट्टा जवळपास कोरा. सोळा वर्षं मी गाडी किती सावकाश चालवली त्याचा दाखला म्हणून ठेवून दिलाय.

---

मागचा_बाक | सोमवार, रात्री ९:१८

आयडीला जागलात.

---

सावकाशराव | पुढचा मंगळवार, सकाळी ७:५५

मंडळी, मी परत आलोय. काल खड्ड्यातून गाडी गेली आणि दिवा लागला. या वेळी पी ०१२२. रात्री घरी आणली तेव्हा सगळं सुरळीत. नवा सेन्सर आठवड्यात गेला का? परत करू?

---

सुसाट | मंगळवार, सकाळी ८:१०

डुप्लिकेट असणार. परत करा.

---

जुना_फिटर | मंगळवार, सकाळी ८:४०

थांबा. कोड बदललाय. खड्ड्यात लागला. आणि तुम्हीच वर लिहून ठेवलंय, "टक् असा आवाज येऊन निघाला". तो टक् कशाचा होता?

इंजिन चालू ठेवा आणि कपलर बोटाने हलवा, मग वायरी इकडेतिकडे ओढा. पंख्याचा पट्टा आणि पंखा यांपासून बाही लांब.

---

सावकाशराव | मंगळवार, रात्री ८:२०

काय बोलू? कपलरचा खटका मुळापासून तुटलेला आहे. माझ्याच स्क्रू ड्रायव्हरने. कपलर हातानेच बाहेर येतो, आतून किंचित मागे सरकला होता. बोटाने दाबला की आरपीएम शांत, ओढला की इंजिन गचके खातं आणि दिवा. मधली पिनही थोडी फाकली आहे, नुसती टेकतेय, पकडत नाही.

आता चिकटपट्टी गुंडाळू का?

---

ओहमशास्त्री | मंगळवार, रात्री ८:४५

आज घरी यायला म्हणून गुंडाळा, पण तिथे इंजिनची उष्णता आहे, डिंक वितळून सगळीकडे लागेल. त्या आकाराचं कपलरचं नवं घर सुटं मिळतं. बॅटरी काढून एकेक पिन जुन्यातून काढून नव्यात त्याच खणात घाला. एका वेळी एकच. तिन्ही एकदम काढल्या आणि ५ व्होल्टची वायर अर्थच्या जागी गेली तर तोच ५ व्होल्ट वापरणारे इतर सेन्सरही आडवे पडतात. फाकलेली पिन बारीक चिमट्याने किंचित दाबून घ्या, टाचणी घालून पकड जाणवते का ते बघा.

सेन्सर परत करू नका, बिचाऱ्याची काही चूक नाही.

---

दोन_पेडल | मंगळवार, रात्री ९:३०

माझ्याही कपलरमध्ये हिरवट निघालं. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केलं, चार दिवस कोड नाही. थ्रॉटल बॉडी अजून घेतलेली नाही. चावी ऑन असताना बोट घातलं नाही, हेही नोंदवतो.

---

सावकाशराव | शनिवार, दुपारी १:१५

नवं कपलर बसलं. एका वेळी एकच पिन, मुलगी मोठ्याने रंग वाचून दाखवत होती. खटका लागल्याचा आवाज आला, या वेळी बरोबर टक्. मुद्दाम त्याच खड्ड्यातून दोनदा गाडी घातली. दिवा नाही, मिटलेल्या थ्रॉटलला अजून ०.५१.

काकांना त्यांचा मीटर परत करायला गेलो तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच, पण माझ्या गाडीचा आयडल जरा बघशील का?